चाल त्यांची, शब्द वहिनींचे

वहिनींचं फिजिओथेरपीचं क्लिनिक रविवारी बंद असायचं आणि भावोजींचं चष्म्याचं दुकानही. जेवणं आटोपली की भावोजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, काखेत कीबोर्ड मारून क्लिनिकवर यायचे. जाड पडदे, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, त्यामुळे तिथे आवाज घुमत नसे. पेशंटच्या टेबलावर कीबोर्ड ठेवायचा, खुर्चीच्या पाठीला मोबाइल टेकवायचा, की झाला स्टुडिओ तयार.

जुन्या गाण्यांची विडंबनं करायचा हा उद्योग घरातल्याच एका वाढदिवसाला सुरू झाला. वहिनी शब्द जुळवायच्या, भावोजी गायचे. भावोजींचा गळा गोड होता, पण शब्दांच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. वहिनींचं नेमकं उलट. त्या गुणगुणायला लागल्या की नवरा वर्तमानपत्र उचलून हळूच बाल्कनीत जायचा.

यावेळी त्यांनी विरहाचं एक जुनं गाणं घेतलं होतं, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असलेलं. वहिनींनी त्यातल्या प्रियकराला थेट आपल्या टेबलावर आणून झोपवलं:

'वाट तुझी मी बघता बघता मान अशी आखडली,
डावीकडुनी आलीस तू अन् नजर उजवीस अडली!'

भावोजींनी ते इतक्या व्याकूळ होऊन गायलं की रेकॉर्डिंग करताना वहिनींना तोंडात पदर कोंबावा लागला. भावोजींनी गाणं इंटरनेटवर टाकलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. क्लिनिकमध्ये खांदे धरून आलेली माणसं वहिनींनाच सांगायची, "तुमच्या दिरांचं गाणं ऐकलं. कसं सुचतं हो त्यांना!"

वहिनींनी गाणं उघडून पाहिलं. खाली लिहिलं होतं, 'मूळ चाल', आणि पुढे संगीतकार बाईंचं नाव. त्याखाली 'शब्द आणि स्वर', आणि पुढे फक्त भावोजींचं. पुढच्या रविवारी वहिनींनी क्लिनिक झाडायचं काम काढलं, म्हणाल्या, आज जमणार नाही.

त्यानंतर गाणंच गायब झालं. चालीचे हक्क असलेल्या कंपनीने तक्रार केली होती. पुन्हा टाकलंत तर कारवाई होईल, असा मेल आला होता. भावोजी मोबाइल घेऊन तडक क्लिनिकवर आले.

"बघा वहिनी, काय माणसं आहेत! संगीतकार बाईंचं नाव स्वच्छ लिहिलं होतं मी. अजून काय करायचं माणसाने?"

वहिनी एका पेशंटचा गुडघा वाकवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्यांचं नाव तरी लिहिलंत, भावोजी," एवढंच म्हणाल्या.

भावोजी 'येतो' म्हणून गेले. दुकानात पोहोचल्यावर त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचाच चष्मा घातला.

वकीलबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. नवी फ्रेम निवडता निवडता त्यांनी कायदा समजावला. "नाव लिहिणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. मूळ गाण्याचीच खिल्ली उडवली असती, तर थोडं भांडता आलं असतं; तेही भरवशाचं नाही. तुम्ही तर त्या चालीवर मानेचं दुखणं गायलंत. शब्द मात्र ज्याने लिहिले त्याचेच, ते कंपनी नेऊ शकत नाही." आरशात पाहत त्यांनी विचारलं, "कुणी लिहिले?"

"वहिनींनी," भावोजी म्हणाले. मोठ्याने म्हटल्यावर त्यांना ते आणखीच लागलं.

त्या संगीतकार बाई शहरातच राहतात, असं कळलं. भावोजींनी वहिनींना विचारलं, "बाईंना समक्ष भेटून विचारू. याल का?" वहिनी आल्या. रस्ताभर दोघं हवापाण्यावर बोलले.

बाई वयाने वाकलेल्या, पण नजर तल्लख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "मी कोण परवानगी देणार? चाल मी तरुणपणीच कंपनीला विकली. घराला गरज होती. आता माझ्याच कार्यक्रमात ती वाजवायची, तर मलाच त्यांना विचारावं लागतं."

वहिनींनी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटायचं. पण लोक गुणगुणताना माझंच गाणं म्हणतात ना, मग चालतं." बाई खुर्चीत सावरून बसल्या. "इथे कुणी कंपनी बसलेली नाही. म्हणा बघू तुमचं ते."

भावोजींनी घसा खाकरला. मग थांबले. "आधी सांगतो. यातले शब्द वहिनींचे आहेत. सगळे. मी माझं नाव टाकलं होतं. चुकलंच माझं."

हे ते बाईंना सांगत होते, पण पाहत होते वहिनींकडे. वहिनींनी पर्सचा बंद उगाच नीट केला. "गा आता," त्या म्हणाल्या.

नजर उजवीस अडली, तिथे बाई हसता हसता खोकू लागल्या. पाणी पिऊन त्यांनी तीच ओळ परत म्हणायला लावली. मग वहिनींना म्हणाल्या, "शब्दांना स्वतःची चाल आहे गं. माझी उसनी कशाला घेता?"

परतताना भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही रागावला होतात, तर बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही नाव टाकलं असतं. तुम्ही ते मी न सांगता टाकायला हवं होतं."

विडंबन पुन्हा कुठेच आलं नाही. भावोजींनी वहिनींच्या शब्दांना स्वतःची चाल लावायला घेतली. पहिली चाल ऐकून वहिनी म्हणाल्या, "ही तर बाईंचीच, फक्त घाईत." दुसरी त्यांना अंगाईसारखी वाटली. तिसरी जमली, त्यासाठी वहिनींना दोन ओळी नव्याने लिहाव्या लागल्या, आणि त्या आधीच्यापेक्षा बऱ्या झाल्या.

नवं गाणं फारसं पसरलं नाही. नात्यातल्यांनी ऐकलं, काही पेशंटनी ऐकलं, बाईंनी फोन करून मधल्या एका सुरावरून भावोजींची हजेरी घेतली. पोस्ट करण्याआधी भावोजींनी मोबाइल वहिनींच्या पुढे धरला होता. वहिनींनी वाचलं, 'शब्द'पुढच्या आपल्या नावातली वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ केली आणि म्हणाल्या, "आता टाका."