देव्हाऱ्याच्या खणातली किल्ली

बंदूक घरात येण्याआधी पोलिसांनी विभाला फोन करून विचारलं होतं, तुमचा नवरा रागावला की वस्तू फेकतो का.

ती तेव्हा टोकियोच्या एदोगावा भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लेकीचे, तन्वीचे मोजे वाळत घालत होती. फोन खांद्यात धरून तिने जरा विचार केला. उदयने आजवर फेकलेली एकच वस्तू तिला आठवली, ती म्हणजे टीव्हीचा रिमोट. तोही सोफ्यावर, मॅच हरलो तेव्हा. हे जपानीत सांगायचं की सोडून द्यायचं? शेवटी ती "नाही" एवढंच म्हणाली. मग पुढचे प्रश्न. दारू पितात? शेजाऱ्यांशी वाद? झोप नीट लागते? आणि सगळ्यात शेवटी, घरात बंदूक आलेली तुम्हाला चालेल?

या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" होतं. तिने "हो, चालेल" म्हटलं आणि उरलेले मोजे चिमट्यात अडकवले.

त्या "हो"ला कारण होतं. उदय पुण्यात कॉलेजात असताना एअर रायफल मारायचा. राज्य पातळीवर त्याला ब्राँझ मिळालं होतं. पुढच्या निवड चाचणीच्या दिवशीच कॅम्पस इंटरव्ह्यू आला, आणि तो इंटरव्ह्यूला गेला. ही गोष्ट त्याने स्वतः कधी सांगितली नव्हती, विभाला ती सासूबाईंकडून कळली. लग्नाला आठ वर्षं झाली, टोकियोला येऊन पाच, तन्वी झाली, त्याच्या हातून कितीतरी कंपन्यांची सॉफ्टवेअर बदलली, आणि एक दिवस जेवताना तो म्हणाला, "विभा, हसू नकोस हं. इथे परवाना मिळतो म्हणे. एअर रायफलचा."

ती हसली नव्हती. घाबरली होती. पण त्याचा चेहरा बघून तिने पानातली भाजी नुसती इकडची तिकडे केली.

त्यानंतर चौदा महिने ते दोघं कागदांच्या मागे होते. दिवसभराचं व्याख्यान, त्यावर लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, ठाण्यातल्या मुलाखती. विभाचं जपानी त्याच्यापेक्षा कितीतरी बरं होतं, त्यामुळे एकूण एक फॉर्म तिने भरला. परीक्षेची कांजी अक्षरं तिने त्याच्याकडून घोटून घेतली. बंदुकीचं कपाट घरात कुठे बसणार त्याचा सेंटिमीटरमधला नकाशासुद्धा तिनेच काढला, पट्टी तन्वीच्या दप्तरातली घेऊन. त्या नकाशात कपाटाची उंची लिहिताना तिने तन्वीची उंची मनात धरली होती, हे फॉर्मवर कुठे लिहायची सोय नव्हती.

रायफल जुनी घेतली. एका ऐंशीच्या आजोबांनी वयामुळे परवाना परत केला होता, त्यांची ती. दुकानात ओळख करून देताना आजोबा मिस्कील हसून म्हणाले, "ही थोडी डावीकडे मारते. पण मीही आयुष्यभर थोडा डावीकडेच मारत आलो, तेव्हा नेमका दोष कुणाचा ते सांगता येणार नाही."

उदयला ते फार आवडलं. घरी येईपर्यंत त्याने ते वाक्य तिला तीनदा सांगितलं.

पण पहिल्याच रविवारी रेंजवरून परत आला तो गप्प. रेंज साइतामाच्या पार टोकाला, तीन गाड्या बदलून. रायफल पाठीवर असली की वाटेत कुठे रेंगाळायचं नाही. ती कोपऱ्यात टेकवून कोन्बिनीतला, म्हणजे नाक्यावरच्या दुकानातला, कॉफीचा कपसुद्धा भरून घेता यायचा नाही. "कसं झालं?" तिने विचारलं. "नेम बसवायचाय अजून," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, नेम धरायची साइट हलली असेल. तिसऱ्या खेपेला त्याने काहीच कारण दिलं नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून मान आखडलेली, चाळिशी जवळ आलेली. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य पुसट व्हायचं, लक्ष्यावर नजर ठरवली की माशी विरघळायची. वीस वर्षांचा मुलगा जे श्वास रोखून सहज करायचा ते आता याला जमत नव्हतं, आणि एवढे कागद भरून झाल्यावर ते कबूल करणार कसं?

महिन्यातून एकदा तो जातच राहिला. आल्यावर खोलीचं दार लावून तासभर रायफल पुसायचा. तन्वी दाराबाहेर उभी राहून विचारायची, "आई, पापाचं दाईजी झोपलं का?" दाईजी म्हणजे महत्त्वाचं, जपून ठेवायचं. बालवाडीतून आणलेला शब्द. त्या लोखंडी कपाटाला तिने ते नावच ठेवलं होतं.

आता किल्लीचं.

नियम असा की कपाटाची किल्ली परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्याचकडे राहायची. बायकोला, मुलांना ती कुठे आहे हे ठाऊकसुद्धा असता कामा नये. हा नियम विभानेच उदयला मराठीत समजावून सांगितला होता. आधी तो किल्ली ऑफिसच्या बॅगेत ठेवायचा. मग एकदा बॅग गाडीत राहिली, चार तासांनी शेवटच्या स्टेशनवर सापडली, तेव्हापासून त्याने जागा बदलली. कुठे, ते तिने विचारलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या दिवशी, ती देव्हाऱ्याच्या खणात कापूर शोधत होती. रोजची पूजा उदयच करायचा, आंघोळ झाली की दोन मिनिटांची. तो खण एरवी त्याचाच. वातींच्या डबीखाली किल्ली होती, हळदीने पिवळी झालेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं, "उदय, मला दिसली, दुसरीकडे ठेव." एवढं एक वाक्य. ते ती बोलली नाही, कारण किल्ली दिसल्यापासून तिला कितीतरी महिन्यांनी बरी झोप लागली होती. तो ऑफिसला आणि तन्वी शाळेत गेली की ती खण उघडायची, डबी उचलायची, किल्ली जागेवर आहे ना बघायची आणि मगच भांड्यांना लागायची. त्याने पुन्हा जागा बदलली असती तर तिला पुन्हा सगळं घर मनातल्या मनात उकरत बसावं लागलं असतं.

मेमधल्या एका रविवारी सकाळी दहाला मोरिता-सान आले. ठाण्यातले, पन्नाशीचे, बोलायला अगदी मऊ. येणार म्हणून आधी फोन केला होता. कपाट नीट भिंतीला जखडलेलं आहे ना, एवढंच बघायचं होतं. बूट काढून ते जमिनीवर गुडघे दुमडून बसले. विभाने चहा ठेवला. आलं घातलेला. सोबत चकल्या.

"काराइ नाही ना?" मोरिता-साननी विचारलं. तिखट आहे का, म्हणजे.

"थोडी," विभा म्हणाली. त्यांनी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी "ओइशी", छान आहे, म्हणाले. तन्वी खिदळली.

मग ते म्हणाले, "तर मग कपाट उघडून दाखवता का?"

उदय उठला नाही. देव्हारा समोरच्याच भिंतीला होता. त्याने विभाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "विभा, तन्वीला घेऊन जरा बाल्कनीत जा ना."

तिला कळलं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. कळलं होतं. आम्ही दोघी इथून हललो की हा खणाला हात घालणार, हे लख्ख कळलं होतं. पण पाहुणा बसलेला, चहा अर्धा झालेला, नवरा मांडी घालून बसलेला. अशा वेळी काही आणायचं तर बाईने उठायचं, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे इतकं अंगात मुरलेलं, की तोंडातून वाक्य जाऊनही गेलं.

"तू बस रे. मी आणते."

तिने खण ओढला, डबी बाजूला केली, किल्ली घेतली. हातात द्यायला बरं दिसत नाही म्हणून चकल्यांच्या बशीशेजारी एका वाटीत ठेवली.

मोरिता-साननी पेन खाली ठेवलं.

"ओकुसान," ते म्हणाले. वहिनी म्हणावं इतक्या अदबीने. "किल्ली कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे?"

खोटं बोलायला एक क्षण होता. 'आत्ताच यांनी सांगितलं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मराठीत काय बोलणं झालं ते त्यांना कुठे कळलं होतं?

"हो," विभा म्हणाली. "ऑक्टोबरपासून."

उदयने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ऑक्टोबरपासून?

मोरिता-सान रागावले नाहीत. हे मला लिहावं लागेल, म्हणाले. चहाबद्दल आभार मानले आणि पुढचं शांतपणे सांगितलं. ही ताकीद आहे. कुलूप बदला. तोवर रायफल दुकानात ठेवा, मी पुन्हा येऊन बघेन, मग घरी आणता येईल.

"नको," उदय म्हणाला. त्याच्या त्या ठेचकाळणाऱ्या जपानीत, पण एकदाही न अडखळता. "परवाना परत करतो."

"उदय, अरे..."

"तन्वीला बाल्कनीत ने," तो म्हणाला. या वेळी ती गेली.

त्याच दुपारी रायफल दुकानात गेली. पुढचा आठवडा घरात फक्त कामापुरतं बोलणं. डबा भरला का. कचरा आज कुठला, जळणारा की प्लास्टिक. शनिवारी तन्वीला वरच्या मजल्यावरच्या शमाकडे सोडून दोघं दुकानात निघाले. मोरिता-साननी दिलेला फॉर्म विभाच्या पर्समध्ये होता.

गाडीत बऱ्यापैकी जागा होती. नदीवरचा पूल गेला तशी ती म्हणाली, "एक विचारू? तुला ती नकोशी झाली होती ना?"

"झाली होती."

"मग?"

"मग काय?" तो खिडकीबाहेरच बघत होता. "अगं, मला कळत नव्हतं का? माझं काही होत नाही आता. रेंजवर सत्तरीचे म्हातारे माझ्यापेक्षा बरे मारतात. नोव्हेंबरातच सोडणार होतो. मग म्हटलं, लक्ष्याचं एक कार्ड. एक बरं कार्ड मारायचं आणि त्याच संध्याकाळी परत करायची. घरी येऊन तुला सांगायचं, झालं बाई, सुटलीस."

"मला बोलला नाहीस."

"तूही कुठे बोललीस?" तो जरासा हसला, आणि ते हसू तिला जास्त लागलं. "सोडायची होती गं. पण माझी मला सोडायची होती. तेव्हाही चाचणी सोडवून त्या इंटरव्ह्यूला धाडायला बाबा स्टेशनपर्यंत आले होते. या वेळी चकलीच्या बशीशेजारी किल्ली."

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "असं मला वाटतं."

तिचं स्टेशनचं कार्ड सीटवर पडलं होतं, ते उचलून त्याने तिच्या हातात दिलं.

दुकानदार शिमादा-साननी रायफल काउंटरवर आणून ठेवली. म्हणाले, हिला बहुतेक आता नवा मालक मिळायचा नाही. हल्ली सगळे परतच करायला येतात, घ्यायला कुणी येत नाही. येणारे सगळे विचारतात, चांगली आहे ना हो? जणू पोर वसतिगृहात ठेवून चाललेत. उदयने तसं काही विचारलं नाही. दोन बोटं लाकडी दस्त्यावरून एकदा फिरवली.

सवयीने त्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला. सवयीने तिने पेन काढलं. नाव, पत्ता, रायफलचा क्रमांक, तिला पाठ होता. मग परत करण्याचं कारण. चार पर्याय. वय किंवा आजार. घर बदलणे. कुटुंबाचं कारण. स्वतःची इच्छा.

तिचं पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मग तिने "स्वतःची इच्छा" भोवती गोल केला. तेवढं तरी त्याला परत द्यावं म्हणून.

उदयने सही करायला कागद ओढला आणि वाचला. ती कांजी त्याला आता वाचता येत होती, तिनेच घोटून घेतली होती. त्याने तिच्या गोलावर पट्टीने नीट दोन आडव्या रेघा मारल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे, खाडाखोड माझीच आहे म्हणून त्यावर स्वतःचा छोटा शिक्का उमटवला. मग "कुटुंबाचं कारण" भोवती गोल केला.

"निदान इथे तरी खरं लिहू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

घरी आल्यावर तन्वी धावत खोलीत गेली. कपाटाचं दार उघडंच होतं. आत डोकं घालून ती ओरडली, "आई, काराप्पो! काहीच नाही!" तिचा आवाज लोखंडात घुमला तशी ती आणखी दोनदा ओरडली, काराप्पो, काराप्पो.

उदयने खिशातून किल्ली काढली. खाचांत अजून हळद होती. ती त्याने विभाच्या हातावर ठेवली.

"आता तू ठेव," तो म्हणाला. "आता चालतं."

तो तन्वीला घेऊन खाली सायकल चालवायला गेला. विभा देव्हाऱ्यापाशी उभी राहिली. रोज ज्या वेळी ती खण उघडून बघायची ती वेळ केव्हाच टळून गेली होती. तरी तिने खण ओढला, वातींची डबी उचलली, किल्ली खाली ठेवली आणि डबी होती तशी वर ठेवली. मग पुन्हा उचलून बघितलं, आहे ना जागेवर.