नऊवार नावाचं गाव

मित्रांनो, मी कापड मोजायचा एक जुना लोखंडी गज आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुठंही वाकलेलो नाही. माझी लांबी छत्तीस इंच, म्हणजे बरोबर एक वार. धारच्या एका लोहारानं मला घडवलं आणि देवासच्या मोरोपंतांच्या कापडदुकानात माझा जन्म गेला.

सरकारी कामाला मीटरपट्टी होती. पावती तिच्यावर व्हायची. पण लुगडं घ्यायला आलेल्या बाया म्हणायच्या, "पंत, गजावर मोजून दाखवा." मग मोरोपंत मला काढत. बाई कापड बोटांत चुरगाळून बघायची, उजेडात धरायची, विचारायची, "रंग जाईल का?" मोरोपंत सरळ सांगत, "हा जाईल. हा घेऊ नका." गिऱ्हाईक हसायचं आणि दुसरं घ्यायचं. नव्वद सालापर्यंत तर माझ्या टोकांना गंज चढायला सवडच नव्हती.

पुढं नऊवारी नेसणाऱ्या एकेक करून गेल्या. मोरोपंतांनी लुगडी ठेवणं बंद केलं. दुकानाला लोखंडी शटर आलं, आणि ते वरून खाली ओढायला कुणाला तरी मी दिसलो! सकाळ-संध्याकाळ शटरच्या कडीत अडकायचं आणि दिवसभर कोपऱ्यात उभं राहायचं. मापाच्या वस्तूला असं आकडी म्हणून वापरणं मला मुळीच आवडलं नाही.

दोन हजार नऊ साली मोरोपंतांची नात शिखा, लेकीची लेक, लग्नासाठी इंदूरहून आजोळी आली. आमच्याकडे गौरीहर पुजताना नवरी पिवळी नऊवारी नेसते. तिला अष्टपुत्री म्हणतात आणि ती आजोळची असते. मोरोपंतांनी तिच्यासाठी ताग्यातलं साधं पिवळं कापड बाजूला काढून ठेवलं होतं.

शिखा दुकानात लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर जरीची पिवळी साडी झळकली. खाली पाच तारे. 'तीनशे बारा महिलांची पसंती. फक्त दोनच शिल्लक!'

"आजोबा, ये देखो! असली नऊवारी, थेट नऊवारच्या कारीगरांकडून."

"कुठून?" मोरोपंतांनी चष्मा वर केला.

"नऊवार गावातून. बनारसची बनारसी, महेश्वरची महेश्वरी, तशी नऊवारची नऊवारी. इथं लिखा पण है."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. त्याच्यासमोर नातीचं हसं व्हायला नको, म्हणून मोरोपंतांनी चष्मा खाली घेतला. त्यांनी ते पिवळं कापड हळूच फळीवर मागं सरकवलं. मला ते दिसलं. शिखाला दिसलं नाही, कारण तिचे डोळे 'दोनच शिल्लक'वर होते. तिनं साडी मागवली. त्यानंतर आठ दिवस ती काहीही उघडो, पत्र की बातमी, कडेला तीच पिवळी साडी उभी. आणि आठ दिवसांनीही दोनच शिल्लक!

लग्नाला दोन दिवस असताना पुडकं आलं. माई, म्हणजे शिखाची आजी, तिला दुकानाच्या मागच्या खोलीत नेसवू लागली. मी दारातच उभा होतो.

"अगं, काष्टा मागंपर्यंत पोचतच नाही! ही साडी आहे की पंचा?"

"माई, नीट खेचा ना!"

"खेचून काय होणार? रबर आहे का ते?"

शिखाचा चेहरा उतरला. परवा गौरीहर. परत पाठवून दुसरी यायला पंधरा दिवस. ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, नऊवारवाल्यांनी फसवलं."

मोरोपंत उठले. मला वाटलं, शटर ओढणार. पण त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि शिखाच्या हातात दिलं.

"शिखे, नऊवार गाव हे इथं आहे. हा एक वार. असे नऊ, म्हणून नऊवारी. मोज."

"वार म्हणजे सोमवार, मंगळवारवाला वार नाही?"

"तसं असतं तर सातवारीच नेसली असतीस!"

माई हसली, मग शिखाही, डोळे पुसत. तिनं साडी माझ्यावर मोजली. एक, दोन, तीन. साडेपाचला पदर संपला. पाच तारे, तीनशे बारा जणी, आणि कापड साडेपाच वार!

"आजोबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचं ते कापड अजून आहे?"

मोरोपंतांनी फळीवरून तागा ओढला. ना काठ, ना जर. तो माझ्यावर नऊ वेळा फिरला, आणि कात्री लावण्याआधी त्यांनी कापडाची चार बोटं जास्त सोडली.

"ही कशाला?"

"ही आजोळची."

दोन दिवसांनी शिखा त्याच साध्या पिवळ्या लुगड्यात गौरीहरापाशी बसली. काष्टा टाचेपर्यंत पोचला. लग्नानंतर तिनं त्या साडीखाली नेटवर लिहिलं, 'नऊवार नावाचं गाव नाही. आधी माप विचारा.' दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं होतं. तिनं पुन्हा लिहिलं. आमचीच पोर ती!

मित्रांनो, मी अजून शटर ओढतो. चित्रं बघा, हवं तिथून हवं ते घ्या, पण घेण्याआधी किती, कसलं, कुठलं हे विचारायला लाजू नका. आणि घरात माझ्यासारखं जुनं माप असेल तर ते भंगारात घालू नका. चार बोटं वर द्यायची ती माणसानं. मी छत्तीस इंचांचा आहे. मला कुणी कितीही तारे दिले, तरी मी सदतीस इंचांचा होणार नाही.