ताईच्या गच्चीवरचं केंद्र

कचेरीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत आणि त्यालाही ते नाव मनातून आवडे. जमीन वर्षाकाठी किती सरकते, हे उपग्रहांच्या मदतीने मोजायचं, हे त्याचं काम. मोजणीचं यंत्र पक्क्या खडकात रोवायचं असतं. ताईच्या गावात मात्र कुठेही खणा, गाळच गाळ. शेवटी नियमाकडे काणाडोळा करून त्याने ते ताईच्याच दुमजली घराच्या गच्चीवर बसवलं. वीज घरची, राखणही घरची.

ताईने ते यंत्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्याच्या तबकडीवर रोज कावळा बसतो, तोही दिसतो का रे तुला, असं ती फोनवर चिडवायची. तिच्या मुलीने मात्र टुमणं लावलं होतं, की तिथली जमीन धड नाही, घर विक आणि आमच्याकडे राहायला ये. ताईचं उत्तर ठरलेलं.

"माझा भाऊ वरून लक्ष ठेवून आहे. मला काय धाड भरलीय?"

यंत्र नुसतं मोजतं, सांभाळत नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं मिलिमीटर चार वर्षं उद्यावर ढकलत आला होता. खोटं कशाला बोला, तिचा तो विश्वास त्याला सुखावत होता.

सकाळी सव्वादहाला भूकंप झाला. कचेरी तीनशे किलोमीटर लांब, तिथे फक्त दिवे हलले. ताईचा फोन काही लागेना. तिकडचे टॉवर बंद पडले होते. गच्चीवरचं यंत्र मात्र स्वतःच्या बॅटरीवर, थेट उपग्रहामार्फत, दर सेकंदाला आपली जागा इमानेइतबारे कळवत होतं. मिलिमीटरने आकडे उघडले. आसपासच्या तिन्ही केंद्रांवर जमीन वीतभर खचली होती. ताईची गच्ची तीन मीटर खाली आली होती.

तीन मीटर म्हणजे एक मजला. कुठला, ते आकडे सांगत नव्हते. या वेळी ताई तळमजल्यावर स्वयंपाकघरात असते. त्याने पुन्हा फोन लावला, मग पुन्हा.

विभागाच्या प्रमुख बाईंनी मदतपथकाला ताईचा पत्ता कळवला होता. रस्ता तुटलाय, उद्यापर्यंत पोहोचू, असं उत्तर आलं होतं. जमीन कुठे किती हलली याचा नकाशा दुपारपर्यंत द्यायचा होता. बाई त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे केंद्र वगळावं लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ही हालचाल जमिनीची नाही, इमारतीची आहे."

त्यांचं बरोबर होतं. मिलिमीटरने स्वतःच्या हाताने ताईचं केंद्र यादीतून काढलं. नकाशा लगेच नीटनेटका दिसू लागला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

वगळलेल्या केंद्राचे आकडे तरी त्याने पडद्यावर चालूच ठेवले. दोनच्या सुमाराला गच्ची दहा सेंटिमीटर वर उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. थोड्या वेळाने परत तेच. बाकीची केंद्रं जागच्या जागी होती, म्हणजे हा धक्का नव्हता. शेजारीपाजारी पहारी लावून स्लॅब उचलत असणार. मिलिमीटर खुर्चीच्या कडेला आला. त्याचे हात नकळत टेबलाखाली गेले आणि टेबल वर रेटू लागले.

पावणेतीनला गच्ची खाली बसली ती बसलीच. ताई बाहेर निघाली होती, की लोकांनी हात टेकले होते?

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"काही हलत नाही," तो म्हणाला.