मी, ताईंच्या उजव्या हातातला ग्लव्ह

मी एक जुना ग्लव्ह आहे, बेसबॉलचा. हा खेळ तुम्ही पाहिला नसेल तर एवढेच लक्षात ठेवा, की यात चेंडू अडवणारा प्रत्येक जण एका हातात माझ्यासारखा चामडी पंजा घालतो, त्यात चेंडू पकडतो आणि मोकळ्या हाताने फेकतो. बहुतेक माणसे उजव्या हाताने फेकतात, म्हणून बहुतेक ग्लव्ह डाव्या हाताचे असतात. मी उजव्या हाताचा आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात जे बरेवाईट घडले, ते या एका गोष्टीमुळे.

मला शिवणारा कारागीर डाव्या हाताचे चाळीस ग्लव्ह करायचा तेव्हा कुठे माझ्यासारखा एक करायचा. हात सवयीने चुकला आणि माझ्या अंगठ्याची शिवण त्याला उसवून पुन्हा घालावी लागली. "उलट्या खोपडीचा आहेस लेका!" असे म्हणत त्याने माझी शेवटची वादी दातात धरून ओढली. ती गाठ आजही सुटलेली नाही.

दुकानात मी दोन वर्षे पडून होतो. मुले यायची, मला हातात घालायची, अंगठा भलतीकडेच आला की परत ठेवायची. मग एक दिवस एक उंच, सडपातळ मुलगी आली. तिने न बघताच उजवा हात माझ्यात सारला आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, हा एवढे दिवस कुठं लपवला होतात?" त्या ताई.

कोरा ग्लव्ह फळीसारखा ताठ असतो. ताईंनी मला बोटभर तेल चोळले, पोटात चेंडू ठेवला आणि दोरीने करकचून बांधले. असे महिनाभर. चामड्यातले धागे हळूहळू सरकतात आणि ज्या हाताने वापरावे त्या हाताचे होऊन बसतात. ताईंची तर्जनी लहानपणी दारात चेमटून किंचित वाकडी झाली होती. माझी तर्जनीही आतून तशीच वाकडी झाली. त्या हात घालायच्या तेव्हा कुलपात किल्ली जावी तसे व्हायचे.

पुढे ताई स्वतः खेळायच्या थांबल्या आणि शाळेच्या मैदानावर दर शनिवारी सकाळी सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवू लागल्या. मुले अर्धगोल करून उभी राहायची, ताई समोर. "पाय फाकवा. बूड खाली, बेडकासारखं! आता मगर करा." मगर म्हणजे ग्लव्ह जमिनीला टेकलेला, तो खालचा जबडा. मोकळा हात त्याच्यावर, तो वरचा जबडा. सरपटत आलेला चेंडू तोंडात शिरला की जबडा बंद, आणि घास पोटाशी. मुलांना सांगावेही लागत नसे. ताई वाकल्या की सोळा बुडे एकदम खाली जायची. पालक कुंपणाशी उभे राहून म्हणायचे, "ताईंच्या हातात जादू आहे." ताई नको नको म्हणायच्या, पण कानापर्यंत लाल व्हायच्या. मीही फुगायचो. तो हात माझ्यातच असायचा ना!

अशी सव्वीस वर्षे गेली. मग ताईंचे गुडघे गेले. बेडकासारखे बसले की उठायला दोन मुले लागायची. लेकीने त्यांना आपल्याकडे राहायला नेले, रात्रभराच्या प्रवासाइतके दूर. जाताना त्यांनी वर्ग आपल्या भाच्याच्या हवाली केला आणि मलाही. "पोरं सांभाळ," एवढेच म्हणाल्या.

भाचा चांगला खेळाडू होता, पण उजवा. त्याचा स्वतःचा ग्लव्ह होता. मला त्याने साहित्याच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर ठेवले, फडक्यात गुंडाळून. कोणी हात लावू पाहिला की ओरडायचा, "ए, मावशीचा आहे तो!" त्याचे माझ्यावर प्रेमच होते. पण मित्रांनो, फळीवर पडून राहिलेल्या चामड्याला प्रेमाने काही होत नाही. एका बाजूला खुणेसाठी मांडायच्या शंकूंची चळत, दुसऱ्या बाजूला मैदानावर रेघा मारायच्या फक्कीचे पोते. फक्कीची पूड माझ्या भेगांत बसू लागली. फडके चेहऱ्यावरून घसरले होते, तेवढ्या फटीतून मला मैदान दिसायचे.

आणि जे दिसायचे ते बघवत नसे. भाचा तीच मगर शिकवत होता, त्याच शब्दांत. पण मुले गोंधळायची. नको तो पाय पुढे टाकायची, ग्लव्ह अंगावरून आडवा नेऊन पलीकडच्या बाजूला टेकवायची. चेंडू दोन पायांतून निघून जायचा. कोणाच्या नडगीवर लागला की रडारड. "अरे, डावा पाय! डावा!" भाचा ओरडायचा. सहा वर्षांच्या मुलाला डावा कुठला हे आठवेपर्यंत चेंडू कुंपणाला लागलेला असायचा. सोळाची अकरा झाली, अकराची सात. मग एका शनिवारी मुख्याध्यापक आले. "सात पोरांसाठी सगळं मैदान अडवता येणार नाही मला. या महिन्यात पोरं वाढली तर बघू, नाहीतर बंद करा."

भाचा साहित्याच्या खोलीत येऊन उपड्या बादलीवर बसला आणि मावशीला स्पीकरवर फोन लावला. कितीतरी महिन्यांनी मला ताईंचा आवाज ऐकू आला.

"मावशी, तुझ्याकडे हसत शिकायची गं. माझ्याकडे रडतात."

"त्यांच्याकडे पाठ करून दाखव ना. मग पाय एकाच बाजूला येतील."

"केली. पाठ केली की मागे काय चाललंय ते दिसत नाही. काल एकानं दुसऱ्याच्या टोपीत माती भरली."

ताई हसल्या. "मला कधी सांगावंच लागलं नाही रे. आपोआप यायचं त्यांना. काय करायचे मी, मलाच ठाऊक नाही."

पुढच्या शनिवारी पाचच मुले आली. त्यांत एक मुलगी होती, जिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे. शेवटचे वर्षभर ती ताईंकडे शिकली होती. भाचा समोर उभा राहून मगर दाखवत होता, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, तुमची मगर चुकीच्या बाजूला आहे."

"चुकीच्या नाही गं. मी डाव्या हातात घातलाय, तूही डाव्या हातात."

"हो, पण ताईंचा ग्लव्ह माझ्या ग्लव्हसमोर यायचा. आरशात येतो तसा. तुमचा माझ्या रिकाम्या हातासमोर येतो. मग मी कुठं बघू?"

भाचा वाकलेला तसाच राहिला. एकदा आपल्या हाताकडे बघितले, एकदा तिच्या. मग उठला आणि तडक खोलीकडे पळत आला. फडके बाजूला केले, फक्की झटकली आणि थांबला. मला वाटले, पुन्हा ठेवतोय. पण त्याने डोळे मिटून उजवा हात माझ्यात घातला.

मित्रांनो, खरे सांगतो, मला तो हात आवडला नाही. जाड बोटे, सरळ तर्जनी. ती माझ्या वाकड्या खोबणीत शिरेना. त्याने जोर लावला आणि माझी आतली घडी करकरली.

मैदानावर गेल्यावर तर फजितीच झाली. ज्या हाताने आयुष्यभर फेकले, त्या हाताने त्याला पकडता येईना. पहिला चेंडू माझ्या मनगटावर आपटून उडाला. दुसरा त्याच्या पायांतून गेला. मुले खो खो हसत सुटली.

"दादा, बूड खाली!"

"दादा, वरचा जबडा कुठाय? मगर बोळकी झाली!"

"अरे, शिकतोय ना मी! पुन्हा टाक." त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो हसत होता. तो वाकला. समोर पाच बुडे खाली गेली. त्याने मला डावीउजवीकडे सरकवले, तसे समोरचे पाच ग्लव्ह त्याच बाजूला सरकले. कोणी डावा म्हटले नाही, कोणी उजवा म्हटले नाही. प्रश्नपत्रिकेने चेंडू पकडून पोटाशी नेला आणि तो तिथे आहे ना, हे दोनदा वाकून पाहिले.

महिनाअखेर बारा मुले होती. मैदान राहिले.

पण दर शनिवारी त्या सरळ तर्जनीने माझ्या आतली वाकडी खोबणी थोडी थोडी सपाट केली. चामड्याला एका वेळी एकच हात लक्षात ठेवता येतो. फळीवर राहिलो असतो तर ताईंचा हात माझ्यात कायमचा राहिला असता. मैदानावर आलो, तर तो पुसत चालला होता. चेंडू बसला की मला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी आतून काहीतरी निघून गेल्यासारखेही व्हायचे. मला एकच वाटायचे, पूर्ण पुसण्याआधी ताईंनी एकदा यावे.

ताई आल्या, पण वर्षाने. हातात काठी, कुंपणापाशी खुर्ची. भाच्याने त्यांना सगळे सांगितले, तशा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "सव्वीस वर्षं मला वाटायचं, मी फार हुशार शिकवते! नुसती समोर उभी राहत होते की रे मी!"

मग म्हणाल्या, "आण बघू."

त्यांनी उजवा हात माझ्यात घातला. हात आता बारीक झाला होता, कातडी सैल. वाकडी तर्जनी आत खोबणी शोधत राहिली. मी जीव तोडून आठवू लागलो. नाही मित्रांनो, नाही आठवले. त्यांचे बोट माझ्यात सैल हलत राहिले. ताईंनी मूठ एकदा उघडली, एकदा मिटली. मग मला काढून भाच्याच्या पोटावर हलकेच आपटले.

"घाल. पोरं केव्हाची वाकून बसलीत."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी वस्तू फडक्यात गुंडाळून ठेवलेली असेल. बॅट असेल, पेटी असेल, शिवणयंत्र असेल. ती ज्यांची होती त्यांना विचारा, नसतील तर घरच्यांना विचारा, आणि वापरा. माझ्यासारखे चामडे भिजले तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. तेल थोडेच लावा. आणि तुमच्या वर्गात डाव्या हाताने फेकणारे एखादे लहान मूल आले, तर त्याला माझ्याकडे पाठवा. दादा चांगला आहे, पण माझी बोटे अजून खऱ्या डावखुऱ्याची वाट बघतात.