काचेखालची जागा

“आधी वांगी. वांगं थंडीला भितं, त्याला पहिली ऊब द्यायची. मग मिरची. टोमॅटो कडेला टाका, तो कुठंही जगतो.”

सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली होती, पण मार्च उजाडला की स्तामेनाच्या कानात हेच शब्द येत. दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाला लागून लाकडी पेटी होती. तिच्यात खाली उबेसाठी घोड्याच्या लिदीचा थर, वर माती आणि त्यावर काचेची दोन झाकणं. उजवं झाकण मोठ्या जावेचं, विदाचं, त्याखाली वांगी. डावं स्तामेनाचं, त्याखाली भाजायची लाल गोड मिरची. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, कधीच गेले. पेटीची वाटणी मात्र तशीच राहिली.

जानेवारीच्या वादळात अक्रोडाची फांदी पडली आणि डाव्या झाकणाचा चुरा झाला. टोमॅटोचं प्लास्टिकवर भागलं असतं. मिरचीला रात्री काच लागते, वांग्यालाही. आणि काच उरली होती एकच, विदाची; तिच्याखाली दोन्ही मावणार नव्हती.

विदा नाताळपासून अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले होते, ईस्टरपर्यंत. तिच्या मुलीनं, रुम्यानानं, हे स्तामेनाला फाटकाशी सांगितलं आणि आत जाऊन आईला म्हणाली, ईस्टरला तू उठून बसशील.

विदाचा पलंग खिडकीपाशी होता आणि खिडकीतून पेटी दिसे. तिच्या काचेखाली मिरची पेरायची म्हणजे ती आता गेल्यातच जमा असं तिच्या डोळ्यांदेखत सांगून टाकायचं. वांगी पेरायची, तर ती खाणार कोण? आणि भाजलेल्या मिरचीच्या बरण्यांशिवाय स्तामेनानं पुढचा हिवाळा कशावर काढायचा? तीन दिवस ती लिदीत हात घालून बघत होती. ऊब उतरायला लागली होती.

ईस्टरआधीचे उपास चालू होते; चौथ्या दिवशी घेवड्याचं बिनतेलाचं सार घेऊन ती विदाकडे गेली.

“आलीस का गं? मला वाटलं, तुला मांजरानं नेलं.”

“तोंड चालतंय म्हणजे बरं आहे तुमचं.”

“तोंडच राहिलंय. पेटी रिकामी का? लीद गार झाल्यावर काय कांदे लावणार आहेस?”

“आई, ईस्टरनंतर तू स्वतःच—” रुम्याना मध्ये बोलली.

“तू जा बघू, ते सार गरम करून आण.”

रुम्याना गेली. जाताना तिनं काकूकडे असं पाहिलं, की स्तामेनाला मान खाली घालावी लागली.

“तुझा नेम चालू आहे ना?” विदानं हळूच विचारलं. “उपासात खोटं न बोलण्याचा?”

“हो, जाऊबाई.”

“म्हणून तुला विचारते. ऑगस्टात मी वांगी भाजीन का?”

स्तामेनाचा अंगठा खिशातल्या जपाच्या दोरीवर एका गाठीशी थांबला. हा नेम तिनं बारीकसारीक खोट्यासाठी धरला होता. अंडी असताना शेजारणीला कोंबड्या खुडूक बसल्यात म्हणून सांगायचं, तसल्या. असं काही विचारलं जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. देवा, मला दुसरं काहीतरी बोलायला दे, असं ती मनात म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, ईस्टरपर्यंत.”

विदानं मान खिडकीकडे वळवली. आत भांडं वाजलं.

“मेला डॉक्टर. मला नुसतं जेवण जातंय का विचारायचा.” मग पेटीकडे बघत, “मिरची लाव.”

“काच तुमची आहे, जाऊबाई.”

“मग काय वर घेऊन जाऊ? मिरची लाव म्हणते ना. त्या वांग्यांवरच्या किड्यांनी जन्मभर छळलं मला. आता बसू देत उपाशी.”

ती हसली. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबला तेव्हा डोळे भरलेले होते. तिनं स्तामेनाचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी होती.

“पण धर्मगुरूंना आण. रुम्याना नाही बोलावणार, तिला वाटतं मी घाबरेन. त्यांच्यापाशी काही सांगून टाकायचंय मला, आणि त्यांच्या हातची शेवटची पवित्र भाकर घेतल्याशिवाय जायचं नाही. आणशील?”

“आणते.”

“वचन?”

“वचन.”

दाराशी रुम्याना सार घेऊन उभी होती. “काय सांगितलंत तिला, काकू?”

“तिनं विचारलं ते.”

“तुमच्या नेमासाठी?” रुम्याना म्हणाली. “माझी आई तुमच्या नेमासाठी?” आणि तिनं दार लावून घेतलं.

स्तामेना पेटीपाशी आली. तिनं मिरची पेरली, पेरभर अंतरावर, उजव्या झाकणाखाली. खिडकीतून विदानं बोट हलवून एक ओळ वाकडी गेल्याचं दाखवलं. तिनं ती मोडून सरळ केली. काच बसवली, वर गवताची चटई अंथरली. मान वर केली तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला होता.

धर्मगुरू सहा गावांना मिळून एक, राहायला नदीपलीकडच्या गावात. त्यांचा फोन दोनदा नुसता वाजून थांबला. बस मंगळवारी, आज शुक्रवार. स्तामेनानं नवऱ्याचे रबरी बूट चढवले, डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि कुणाला न सांगता चिखलाच्या रस्त्यानं पुलाच्या दिशेनं चालू लागली.