शनिवारची घंटा

गावच्या चर्चच्या मनोऱ्यात थेल्मा एकतीस वर्षं घंटा वाजवत होती. कुणाचंही लग्न असो, दोर तिच्याच हातात. तिचं स्वतःचं लग्न मात्र ब्रायनीशी, दोघी बायका म्हणून, सरकारी कचेरीत लागलं होतं. आता चर्चमध्ये आशीर्वाद मिळणार म्हणून ब्रायनीने नवी टोपीसुद्धा आणली होती.

"रविवारच्या प्रार्थनेतच उरकून घेऊ," मनोऱ्यात आलेला पाद्री म्हणाला. "फक्त लग्नासारखं दिसायला नको. अंगठ्या नकोत, घंटा तर नकोच."

"म्हणजे चोरून जेवल्यासारखं."

"वरून तसा आदेश आहे हो. बरं, शनिवारी डेरेकचं लग्न आहे, घंटेला तुम्ही लागालच."

डेरेकचं हे तिसरं. आधीच्या दोन्ही वेळी थेल्मानेच घाम गाळला होता.

"आमच्यासाठी घंटा कधीच नाही वाजायची?"

"असं कसं?" पाद्री मायेने हसला. "तुमच्यातलं कुणी गेलं, की नक्की वाजवू."

थेल्माने दोर त्याच्या हातात कोंबला.

"मग मी आजच मेले असं समजा," ती म्हणाली. "वाजवा."