गुरुदत्तची टिचकी

"मला थंडी वाजतेय," फोन म्हणाला. आवाज नूपुरचा, म्हणणं तिच्या बाबांचं.

कमलवहिनींनी मुकाट्याने शाल आणली. बाहेर आमचं बेहाला उपनगर भाजून निघत होतं आणि गुरुदत्तच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"वहिनी, त्याला पंखा हवा असेल," मी म्हटलं.

"असेल हो भावजी. काल चहाच्या वेळी यांचा फोन म्हणाला, केस कापायचेत. न्हाव्याला बोलावून बसले मी."

हा गुरुदत्त म्हणजे आमच्या मंडळाचा कॅरमसम्राट. बँकेत त्याने काय दिवे लावले ते बँकेला ठाऊक. पण बेहालात त्याने डाव्या हाताने टिचकी मारली की राणी दूरच्या बजबज गावातल्या एखाद्या बोर्डावर पॉकेटात पडायची. मी स्वतः पाहिलंय. लोक यातलं निम्मंच मानतात, तरी ते पुरेसं आहे.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोललेलं पोचतंय की नाही, सांगता येत नाही." त्या दिवसापासून घर त्याच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलू लागलं, आणि वहिनी त्याला काही विचारेनाशा झाल्या.

नूपुर मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. तिने बाबांसाठी एक बनवलं. चित्रावर बोट ठेवलं की तिच्याच आवाजात वाक्य यायचं. बटणं मोठी करून झाली, दाबायचा वेळ वाढवून झाला.

"बाबा, नुसतं दाबा. असं."

तो टिचकी मारायचा. पान सरकायचं, भलतंच चित्र बोटाखाली यायचं.

"डॉक्टरांचं खरं असेल का हो काका?" तिने मला जिन्यात विचारलं. मी थापा मारणारा माणूस. त्या वेळी नुसता जिना उतरलो.

रविवारी तिने फोनमध्ये काहीतरी बदल केला आणि तो पाटावर ठेवून बाबांच्या मांडीवर दिला. "चित्रं काढून टाकलीत. आता बोट जिथून जाईल तिथे रेघ उमटेल. हात किती थरथरतो ते बघू."

गुरुदत्तने टिचकी मारली. एक रेघ. मग दुसरी, तिसरी.

नूपुर वाकून बघत राहिली. मीही चष्मा पुसला. काळ्या काचेवर थरथरीचा मागमूस नव्हता. सगळ्या रेघा खालच्या एका जागेवरून निघालेल्या, पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ, आणि प्रत्येक रेघेचा रोख एखाद्या कोपऱ्यावर.

"काका," ती हळूच म्हणाली, "नख काचेला कळत नाही. मागून बोटाचं पेर घासतं, तेवढंच कळतं. अ‍ॅपला वाटायचं, पान उलटायचंय. आणि हे... हे नेम धरतायत."

आयुष्यभर मी या माणसाच्या बोटांबद्दल खोटं सांगत आलो. खरं याहून मोठं निघेल, असं वाटलं नव्हतं.

तिने बटणं मोडीतच काढली. टिचकीचा रोख ज्या कोपऱ्याकडे, तो शब्द. चहा, पंखा, हो, नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी खिचडी भरवत होत्या. चमचा ओठांशी गेला आणि पाटावर टक्क वाजलं.

"नको," फोन म्हणाला.

"थोडीच राहिलीय. औषध घ्यायचंय ना वरून?"

टक्क. "नको."

वहिनींचा हात तसाच राहिला. नूपुर दारात उभी होती. मग वहिनींनी चमचा वाटीत ठेवला, पदर सारखा केला आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या समोर बसल्या.

"बरं. मग काय हवंय तुम्हाला?"

गुरुदत्तने त्यांच्याकडे पाहिलं, मग काचेकडे. त्याला घाई नव्हती. खिचडी निवत गेली, आणि वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.